सुट्ट्या वेलांट्या

"‘ली’ दीर्घ."

"ऱ्हस्व."

"अरे, माणूस केवढा मोठा होता! त्याला आखूड वेलांटी देता? दीर्घच पाहिजे."

"शुद्धलेखन आहे ते, सदरा नाही. मापाने नसतं शिवायचं."

संगणकाच्या पडद्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढे दोनच शब्द होते आणि त्यांच्याभोवती माणसं अशी वाकली होती, जशी ती आजाऱ्याच्या खाटेभोवती वाकतात. संध्याकाळी शोकसभा होती. दुपारपर्यंत फ्लेक्स छापून, कडेला कड्या ठोकून सभागृहात टांगायचा होता. मशीन तापून तयार होतं, शाई भरलेली होती, आणि सगळं काम एका वेलांटीपाशी अडून बसलं होतं.

दुकानाच्या मालकाला गावभर अनुस्वार म्हणत. हे नाव शाळेतल्या मराठीच्या सरांनीच ठेवलेलं. शाळेत तो बुटका आणि गोल होता, आणि बाकावर बसून फळा दिसत नाही म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर जाऊन बसायचा. "असू दे त्याला तिथे," सर म्हणाले होते. "अनुस्वार आहे तो. दिसतो टिंबाएवढा, पण काढून टाकला तर अर्थ बदलतो." त्याआधी त्याला टिंबाएवढा म्हणणारे पुष्कळ भेटले होते. अर्थाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

सरांनी कुणालाच सोडलं नव्हतं. आता त्याच्या खुर्चीमागे उभा असलेला उंच, काटकुळा न्हावी म्हणजे काना. टेबलाला टेकलेले हार्डवेअरवाले जुळे भाऊ म्हणजे विसर्ग: दोन टिंबं, कायम सोबत, आणि वाक्यात त्यांचं नेमकं काम काय हे कुणालाच ठाऊक नाही. त्या दोघांत आज आयुष्यातला पहिला मतभेद झाला होता. एक दीर्घवर ठाम होता, दुसरा ऱ्हस्ववर, आणि दोघंही मनातून घाबरले होते.

"सरांना विचारून टाकू या ना," धाकटा विसर्ग सवयीने म्हणाला.

थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात फोन कानाला लावून नगरसेवक आत आले. हे रफार. सरांनी वर्गात त्याची व्याख्याच सांगितली होती: बसतो दुसऱ्याच्या डोक्यावर आणि बोलतो त्याच्या आधी. पुढे तो निवडून आला, तेव्हा सरांचं कुणी अभिनंदन केलं होतं की, सर, तुमचं भाकीत खरं ठरलं. सर म्हणाले, "भाकीत नव्हतं रे ते. व्याकरण होतं."

"झालं का?" रफार म्हणाला. "आणि हे बघ, खाली माझा एक फोटो टाक. हात जोडलेला. सरांचा थोडा लहान केलास तर मावेल."

"सरांचा लहान केला तर त्यांना मजकूर वाचता यायचा नाही," अनुस्वार म्हणाला.

हे तो पूर्ण गंभीरपणे म्हणाला, कारण अडचण खरी होती. सरांचा कॅमेऱ्यात बघतानाचा एकही फोटो अस्तित्वात नव्हता. प्रत्येक फोटोत ते चौकटीबाहेरची कुठलीतरी पाटी वाचत होते. मुलीच्या लग्नात हॉलच्या दारावरची. निरोप समारंभात ‘चप्पल येथे काढू नये’ची. ओळखपत्रावरच्या फोटोतसुद्धा नजर किंचित डावीकडे होती. तिकडे बहुतेक स्टुडिओचा दरफलक होता. शेवटी अनुस्वारने मुलीच्या लग्नातला फोटो कापून फ्लेक्सच्या डाव्या कडेला ठेवला. सर आता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचत होते. भुवई उचलून.

त्याचं दुखणं एवढंच होतं. त्याला एक पाटी, फक्त एक पाटी, सरांना हात लावावा लागणार नाही अशी करायची होती. हयातीत ते जमलं नव्हतं. ही शेवटची संधी होती, आणि परीक्षक फोटोत बसले होते.

*

सुरुवात दुकानाच्या पाटीपासूनच झाली होती. अनुस्वार तेव्हा नुकताच धंद्यात पडला होता. शाळेत तो नापास झाल्यावर सर त्याच्या घरी आले होते, आणि वडिलांनी पोराला खुंटीवर टांगायच्या आत म्हणाले होते, "याचं अक्षर फार सुंदर आहे. सध्या ते चुकीच्या शब्दांवर वाया जातंय, एवढंच." वडिलांना यातली स्तुती कोणती आणि तक्रार कोणती ते समजेपर्यंत त्यांचा राग निवला. अनुस्वार पाट्या रंगवायला शिकला, मग संगणक शिकला, मग कर्ज काढून मशीन आणलं आणि दारावर हाताएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं: ‘डिजीटल प्रिंटींग’.

सर त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात. सर तपासायला जात. दुकानासमोर येऊन ते थांबले. बराच वेळ थांबले. मग आत आले.

"छान दुकान आहे. एक विचारू? चुकायचंच असेल, तर इतक्या मोठ्या अक्षरांत का?"

"काय चुकलं, सर?"

"‘जि’ ऱ्हस्व. ‘टिं’ ऱ्हस्व. तू सगळीकडे दीर्घ लावत सुटलायस. वेलांटी फुकट मिळते म्हणून अशी उधळायची नसते, अनुस्वारा."

कोपऱ्यात रेडियमचे तुकडे पडले होते. रेडियम म्हणजे गाड्यांवर, पाट्यांवर अक्षरं चिकटवायचा तो रंगीत कागद. सरांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला. "यातून वेलांट्या निघतील?"

निघाल्या. अनुस्वारने मशीनवर दोन पहिल्या वेलांट्या कापल्या, जुन्या दीर्घ झाकायला पांढऱ्या पट्ट्या कापल्या, आणि सर स्वतः स्टुलावर चढून त्या लावून आले. जरा वाकड्या लागल्या. सर खाली उतरून म्हणाले, "शुद्ध आहे. सुंदर नाही. ते तुझं काम."

आणि जाता जाता म्हणाले, "आणखी थोड्या काप. सुट्ट्या असू देत जवळ."

तेव्हापासून सरांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी पत्र्याची डबी आली. तीत सुट्ट्या वेलांट्या. पहिली, दुसरी, उकार, मात्रा, काही अनुस्वार, आणि झाकायच्या पांढऱ्या पट्ट्या. लोक बाजारात सुटे पैसे शोधतात तशी ते डबी उघडून बोटाने चाळत. दूधवाल्याच्या पाटीवर ‘ताजे दुध’ होतं. सर त्याला म्हणाले, "तुमच्या दुधात पाणी आहे असं माझं म्हणणं नाही. पण उकार पातळ आहे." दूधवाला चिडला, गिऱ्हाइकं हसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच स्टूल बाहेर आणून ठेवलं. कान्याच्या ‘सलुन’चं ‘सलून’ झालं. रफारच्या वाढदिवसाला चौकात उंच फ्लेक्स लागला: ‘हार्दीक शुभेच्छा’. सरांनी दोन माणसांना शिडी धरायला लावली. कार्यकर्ते धावत आले, मागून रफारही आला, लाल होऊन. वरून सर शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस. रफार बरोबर आहे. बाकी दुरुस्त करतोय."

हळूहळू गावाला सवय लागली. नवी पाटी लागली की लोक म्हणत, "सर येऊन गेले का?" सर येऊन न गेलेली पाटी उघडी वाटे, बटण न लावलेल्या शर्टासारखी. एकदा सर तापाने पडले, तर एका दुकानदाराने उद्घाटन पुढे ढकललं.

यात शुद्धलेखन किती आणि माणसं किती, हे सांगणं अवघड आहे. स्टूल येईपर्यंत सर दुकानदाराशी बोलत. पाटीवरून निघालेली गोष्ट घरात जाई. कुणाची सून शिकायची थांबली होती. तिचा फॉर्म सरांनी भरून घेतला. कुणाचा भाऊ दारूत बुडाला होता; त्याला सर रोज सकाळी शिडी धरायला बोलावू लागले. तो हात थरथरू नये म्हणून आदल्या दिवशी पीत नसे. "मला पडायची फार भीती वाटते," सर त्याला सांगत. त्यांना अजिबात वाटत नसे. पुढे तो भाऊ रंगारी झाला. शिडी आता त्याची स्वतःची आहे.

आणि दर आठवड्याला सर अनुस्वारकडे डबी भरायला येत. पडद्यावरचं नवं काम बघत, भुवई उचलत, म्हणत, "दोन दीर्घ, एक ऱ्हस्व काप. इथलेच इथे लागतील." अनुस्वार ओशाळून हसे. सरांनी त्याला कबूल केलं होतं: "ज्या दिवशी तुझी एक पाटी मला हात न लावता सोडावी लागेल ना, त्या दिवशी ही डबी घरी ठेवून येईन, आणि चहा तुझ्याकडचा घेईन." तोवर चहा सर पाजत.

*

"अरे, ठरव काहीतरी," काना म्हणाला. "छापायला वेळ लागतो म्हणून सकाळी सातपासून येऊन उभा आहे मी."

"तुला कुणी बोलावलं होतं?"

"मला झोप नव्हती येत," काना म्हणाला.

रफारने फोनवरून कुणालातरी विचारलं. पलीकडचा म्हणाला, मूळ शब्द ऱ्हस्व आहे, जुन्या पुस्तकात बघा. थोरला विसर्ग म्हणाला, वर्तमानपत्रात दीर्घ असतो. धाकटा म्हणाला, वर्तमानपत्रात सरांनी अगदी शेवटपर्यंत लाल खुणा केल्यात. रफारने तोडगा काढला: वेलांटी मधोमध काढ, दोन्ही बाजूंचे खूश. राजकारणात हे चालतं. लिपीत चालत नाही.

"सगळे जरा बाहेर जा," अनुस्वार म्हणाला.

ते बाहेर गेले. दुकानासमोर सिमेंटचं बाकडं होतं, त्यावर बसले. काचेतून ते बाकडं दिसत होतं, आणि ते बघता बघता अनुस्वारला ती सकाळ आठवली.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यानंतरची. सर बऱ्याच दिवसांनी बाहेर पडले होते आणि आत न येता त्या बाकड्यावर बसले होते. एकटेच, पाय लांब पसरून, समोरच्या एकाही पाटीकडे न बघता. अनुस्वार बाहेर आला. अशा वेळी काय बोलावं हे त्याला समजत नव्हतं, म्हणून त्याने विद्यार्थी करतात ते केलं. शंका विचारली.

"सर, ‘कवी’ दीर्घ, मग ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व कसं?"

सर म्हणाले, "सोपं आहे. शब्द एकटा असला, की शेवटी असा पाय पसरून बसतो. त्याला अडवायला पुढे कोणी नसतं. कवी. दीर्घ. आणि पुढे कोणी चिकटून येऊन बसलं, की तो पाय आवरून घेतो. जागा करतो. कविसंमेलन. ऱ्हस्व." त्यांनी स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे बघितलं. "मी आता दीर्घ झालो रे, अनुस्वारा."

अनुस्वार नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसला, अगदी खेटून, कारण तो गोल होता आणि बाकडं लहान होतं. सरांनी नकळत पाय आत घेतले. मग आपल्याच पायांकडे पाहून त्यांना हसू आलं.

"बघ," ते म्हणाले. "नियम लागू झाला."

त्या दिवशी ते डबी भरून घेऊन गेले होते.

अनुस्वारने पडद्याकडे तोंड वळवलं. ‘श्रद्धांजली’. पुढे कोणी आहे का? नाही. ‘भावपूर्ण’ मागे उभं होतं, पण चिकटून नव्हतं, जशी माणसं मागे उभी राहतात. पुढे मोकळी पांढरी जागा होती, कडेपर्यंत.

"दीर्घ," तो फोटोला म्हणाला, आणि छापायला लावलं.

रफारचा फोटो मावला नाही. त्याने फार ताणलं नाही. बाकड्यावरून उठून तो म्हणाला, "राहू दे. सरांना वाचू दे नीट."

*

शोकसभेला सभागृह भरलं, दारात माणसं उभी राहिली. वक्ते बोलत होते, पण ऐकत कोणीच नव्हतं. सगळे फ्लेक्स तपासत होते. दूधवाला, शिंपी, औषधवाला, शिडीवाला रंगारी, त्यांच्या बायका, सगळ्यांच्या नजरा डावीकडून उजवीकडे जात होत्या आणि पुन्हा डावीकडे. सरांनी अख्ख्या बाजाराला हेच तर शिकवलं होतं. सरांची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, तीही तेच करत होती.

काना अनुस्वारच्या कानाशी वाकला. "काहीच सापडत नाही रे."

"नीट शोध."

"शोधलं. दोनदा. शुद्ध आहे."

अनुस्वारला वाटलं होतं, हे ऐकून छाती फुगेल. फुगली नाही. उलट आत काहीतरी रिकामं झालं, चहाचं आधण ठेवावं आणि पाहुणाच येऊ नये तसं. आयुष्यभर जी पाटी करायची होती ती झाली होती. आणि भिंतीवर सर ती वाचत होते, भुवई तशीच वर.

मुलीने त्याला खुणेने जवळ बोलावलं. पिशवीतून पत्र्याची डबी काढून त्याच्या हातात ठेवली.

"दादा, ही बाबा तुमच्याच दुकानात भरायचे ना? बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा मी म्हटलं, खिशात ठेवू का, तुम्हाला करमणार नाही. तर म्हणाले, नको, घरीच राहू दे."

अनुस्वार डबी घेऊन उभा राहिला. डबी घरी ठेवून सर गेले होते. चहा तेवढा राहिला होता.

माईकवर आता रफार होता. तो चक्क चांगलं बोलत होता, म्हणजे अडखळत. "सरांनी मला... सर मला म्हणायचे..." आणि अनुस्वारने डोळ्यांत आलेलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून खाली बघावं तसं फ्लेक्सच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बघितलं.

तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत, प्रत्येक कामाखाली आपोआप छापली जाते ती ओळ होती. छपाई करणाऱ्याची.

‘डिजीटल प्रिंटींग’.

दारावरच्या पाटीला सरांनी वेलांट्या चिकटवल्या होत्या. संगणकातली ओळ दुरुस्त करायचं इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नं, बारशी, निवडणुका, उद्घाटनं, सगळ्यांच्या पायथ्याशी तो आपली चूक सहीसारखी छापत आला होता. आणि सर? सरांची नजर बारीक होती. मुंगी चुकीच्या रांगेत असली तरी त्यांना दिसली असती. त्यांना दिसत नव्हतं हे शक्य नव्हतं. दर आठवड्याला डबी भरायला यायचं तर दुकानात काहीतरी शिल्लक ठेवावं लागतं, एवढंच.

अनुस्वारने बाजूचं स्टूल उचललं. रफार बोलायचा थांबला. सगळ्या सभागृहासमोर अनुस्वार फ्लेक्सपाशी गेला, आणि खालच्या कोपऱ्यासाठी स्टूल लागत नाही हे लक्षात आल्यावर त्यावर बसला. डबी उघडली. बोटाने चाळली. वेलांट्या ओळीपेक्षा दसपट मोठ्या होत्या. त्याने आधी पांढऱ्या पट्टीने चूक झाकली आणि मग वर एक भलीमोठी पहिली वेलांटी लावली. शेजारी आणखी एक, तीही पहिलीच. मुंगीच्या पाठीवर छत्री ठेवावी तशी ती दिसत होती.

"सापडली!" काना ओरडला.

आणि अख्खं सभागृह एकदम सैल झालं. दोन्ही विसर्ग रडत हसत होते, एकाच सुरात. मतभेद मिटला होता. दूधवाल्याने टाळी वाजवली, मग शोकसभेत वाजवतात का अशा नजरेने इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा वाजवली. मुलगी पदराने डोळे पुसत म्हणाली, "वाकडी लागलीये, दादा."

"शुद्ध आहे," अनुस्वार म्हणाला. "सुंदर नाही."

*

सभा संपल्यावर त्याने फ्लेक्स गुंडाळून मुलीच्या हाती दिला आणि दुकानावर आला. शटर अर्धं ओढलं. समोरच्या टपरीवरून दोन चहा सांगितले. टपरीवाल्याने दोन का, म्हणून विचारलं नाही.

पाटीवरच्या सरांच्या त्या पहिल्या वेलांट्या उन्हाने फिक्या झाल्या होत्या. अक्षरं लाल आणि त्या गुलाबी, त्यामुळे लांबूनही वेगळ्या ओळखू येत. पाटी बदलून टाक, असं लोक त्याला कितीदा सांगत.

तो बाकड्यावर बसला. दिवसभर उभं राहून पाय दुखत होते, म्हणून त्याने ते लांब पसरले. दोन्ही पेले शेजारी ठेवले. रस्त्यावरून माणसं घरी जात होती. जाता जाता वर पाटीकडे बघत होती.

थोड्या वेळाने त्याने पाय आवरून घेतले, आणि जरा सरकून बसला.